यंदाच्या जूनला नक्की

"मॅडम, ठरवतो खूप, पण सुरुवातच होत नाही. मी आळशी आहे का?" समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर येतो. त्याचं उत्तर एका अनुभवातून सांगते. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारे एक गृहस्थ, वय ३८. बाजारात सगळे त्यांना दिवाणजीच म्हणतात. शेवटच्या वर्षाला सुटलेलं बी.कॉम. पूर्ण करायचं, असं बारा वर्षं ठरलेलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांना घेऊन आल्या होत्या. "दरसाल ह्येंचं एकच, मॅडम. यंदाच्या जूनला नक्की."

कारणं विचारली तर एकही खोटं नव्हतं. दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे सुरू झाले की उन्हाळ्यापर्यंत मान वर करायला सवड नाही. वडिलांना अर्धांगवायू झाला, दोन वर्षं त्यांची सेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागे टाकली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट बुडालं. मग मुलीची शाळा, मग कर्जाचे हप्ते.

इथे माझी चूक झाली. मी त्या कारणांशी वाद घालत बसले. पहाटे उठा, रविवारी बसा, असं वेळापत्रकच आखून दिलं. ते प्रत्येक गोष्टीला "करतो की" म्हणाले. पुढच्या वेळी वेळापत्रक घडी न मोडता खिशातून परत आलं.

तेव्हा मी एकच विचारलं. "दादा, हंगाम संपल्यावर मे-जूनमध्ये हात मोकळा असतो. गेल्या वर्षी त्या दिवसांत काय केलंत?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढली. आत प्रवेशाचे तीन जुने अर्ज. तिन्हींवर निळ्या शाईत नाव, पत्ता, जन्मतारीख. अक्षर खतावणीतल्यासारखं देखणं. आणि तिन्ही अर्ज एकाच रकान्यापाशी थांबलेले: मागील परीक्षेचा निकाल.

घरी त्यांनी सांगितलं होतं की वडिलांच्या आजारपणामुळे कॉलेज सुटलं. खरं तर आजारपणाच्या आधीच ते दोन विषयांत नापास झाले होते. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा माणूस, आणि त्यातला एक विषय अकाउंट्सचा. तो कागद पुन्हा हातात धरायचा नव्हता, एवढंच. बाकी सगळी कारणं खरी होती, पण ती त्या कागदावर पांघरूण घालायच्या कामी येत होती.

माझ्या मते बहुतेक सबबींचं असंच असतं. त्यांच्या मुळाशी आळसापेक्षा लाज किंवा भीती जास्त सापडते. म्हणून 'कारण खरं की खोटं' हे मी आता विचारत नाही. कारण दूर झालं होतं तेव्हा काय झालं, हे विचारते. काहींच्या बाबतीत कारण हटलं की काम खरंच सुरू होतं. त्यांना अडचण असते, तिला सबब म्हणणं अन्याय आहे. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तिथे जिद्दीच्या गोष्टी सांगू नयेत, डॉक्टरांना गाठावं. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

दिवाणजींचं पहिलं काम अभ्यास नव्हतंच. जुनी गुणपत्रिका शोधायची आणि वहिनींना दाखवायची, बस्स. त्याला अकरा दिवस लागले. वहिनी कागद बघून म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. सासूबाईंनी लग्नाआधीच सांगितलं हुतं." हे मला सांगताना दिवाणजींचे डोळे भरून आले होते.

त्याच आठवड्यात ते शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात चौकशीला जाऊन आले.

अभ्यासासाठी आम्ही जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची पद्धत वापरली. 'मी अभ्यास करेन' असं नुसतं न ठरवता 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं रोजच्या एखाद्या गोष्टीला काम बांधून टाकायचं. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा नेमक्या ठरवण्यानं काम तडीस जाण्याची शक्यता चांगलीच वाढलेली दिसली. कारण साधं आहे: त्या क्षणी 'आता बसू की नको' हा विचारच करावा लागत नाही. दिवाणजींचं वाक्य आम्ही असं लिहिलं: 'रोजमेळाची वही मिटली की त्याच गादीवर बसून वीस मिनिटं पुस्तक, मगच गाडीला किल्ली.' घरी गेल्यावर बसायचं असतं तर जमलं नसतं. दारात पाऊल पडलं की घर माणसाला ओढून घेतं.

मधे चार दिवस खाडा पडला. पूर्वी तेवढ्यावर सगळं जूनवर गेलं असतं. पाचव्या दिवशी ते परत बसले, आणि मला त्या पाचव्या दिवसाचं फार अप्रूप वाटतं.

यंदा पाडव्याला सौद्यांची झुंबड होती. रात्री साडेनऊला त्यांचा मेसेज आला: "आज वीस न्हाई झाली मॅडम. सहाच मिनिटं झाली."

मी लिहिलं, "चालतंय की."