वाचकांचे प्रश्न : अमेरिकेला जाणाऱ्या पॅनेलचे प्रमाणन

प्रश्न : भोसरीत आमचा पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना आहे. चाकणच्या एका यंत्रनिर्मात्याने अमेरिकेला जाणाऱ्या यंत्रांसाठी आमच्याकडून चार कंट्रोल पॅनेल मागवली असून मागणीपत्रात ‘यूएल ५०८ए’ एवढेच लिहिले आहे. आम्ही वापरत असलेली सर्व उपकरणे नामांकित कंपन्यांची आहेत आणि त्यांवर सीईची खूणही आहे. पॅनेल तयार झाल्यावर ती कोणत्या प्रयोगशाळेत पाठवून प्रमाणपत्र घ्यावे?

उत्तर : आपण अजून माल मागवला नसेल, तर कृपया आजच थांबावे. खरी अडचण आपल्या पत्रातील ‘तयार झाल्यावर’ या शब्दांत आहे. यूएल ५०८ए हे यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेचे, औद्योगिक कंट्रोल पॅनेलचे (यंत्राची वीज नियंत्रित करणाऱ्या कॅबिनेटचे) मानक आहे, पण पॅनेल त्यात बसते की नाही हे बहुतांशी ड्रॉइंग आणि मालाची यादी ठरते तेव्हाच निश्चित होते; वायरिंग पूर्ण झालेले पॅनेल नंतर त्यात बसवायचे म्हणजे निम्मी उपकरणे काढून पुन्हा बसवणे होय.

सीईची खूण ही उत्पादकाने युरोपातील कायद्यांसाठी स्वतःच केलेली घोषणा असते. अमेरिकेत व्यवस्था निराळी आहे. तेथील नॅशनल इलेक्ट्रिकल कोड राज्ये आणि शहरे आपापल्या कायद्याने लागू करतात, आणि यंत्राला वीज जोडू द्यायची की नाही हे स्थानिक तपासनीस ठरवतो. या कोडच्या २००५ च्या आवृत्तीपासून कलम ४०९ औद्योगिक कंट्रोल पॅनेलसाठीच आहे. शिवाय कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी असणारे ओशा हे सरकारी खाते काही प्रयोगशाळांना मान्यता देते आणि तपासनीस अशाच प्रयोगशाळेचे लेबल शोधतो. यूएल ही त्यांपैकी एक आहे. इंटरटेकचे ईटीएल लेबलही चालते.

लेबल मिळण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग म्हणजे आपला कारखानाच यूएलकडे पॅनेल शॉप म्हणून नोंदवणे. यासाठी आपल्या एका माणसाला मानकाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्यानंतर प्रत्येक पॅनेल प्रयोगशाळेत न पाठवता लेबल आपणच लावता, मात्र यूएलचा निरीक्षक वर्षातून चार वेळा पूर्वसूचना न देता येऊन काम तपासतो. दुसरा मार्ग म्हणजे अशी नोंदणी असलेल्या कारखान्याकडून पॅनेल बनवून घेणे. तिसरा मार्ग म्हणजे यंत्र अमेरिकेत पोहोचल्यावर मान्यताप्राप्त संस्थेच्या अभियंत्याला जागेवर बोलावून एकेक पॅनेल तपासून घेणे. तो महागडा आहे आणि निघालेल्या चुका तेथील वायरमनच्या मजुरीने दुरुस्त कराव्या लागतात. चारच पॅनेलसाठी मी दुसरा मार्ग सुचवेन, आणि पुढेही अशी कामे येणार असतील तर पहिल्याची तयारी आतापासून सुरू करावी. नोंदणीकृत कारखान्याकडून नुसती लेबले आणून आपल्या पॅनेलवर चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. ती फसवणूक आहे आणि त्या लेबलवर विसंबून दार उघडणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रत्येक पॅनेलच्या नेमप्लेटवर त्याची शॉर्टसर्किट क्षमता, म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यास ते सुरक्षितपणे सोसू शकेल तो करंट, किलोअँपिअरमध्ये लिहावी लागते, आणि जेथे पुरवठ्याचा संभाव्य फॉल्ट करंट (शॉर्टसर्किट झाल्यास वाहू शकणारा करंट) त्याहून जास्त आहे तेथे ते पॅनेल बसवता येत नाही. आपल्याकडे इनकमर, म्हणजे पॅनेलचा मुख्य ब्रेकर, ३५ किलोअँपिअरचा असला की पॅनेलही तेवढ्याचे, असे सर्रास धरले जाते. यूएल ५०८एच्या एसबी या पुरवणीनुसार पॉवर सर्किटमधील सर्वांत दुबळे उपकरण पूर्ण पॅनेलची क्षमता ठरवते. समजा, एका मोटर फीडरमधील (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटमधील) कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचवर, कोणतीही शॉर्टसर्किट क्षमता छापलेली नाही. मोटर ५० हॉर्सपॉवरपर्यंतची असेल तर मानक त्या कॉन्टॅक्टरला ५ किलोअँपिअरच देते, आणि इनकमर कितीही मोठा असला तरी पॅनेल ५ किलोअँपिअरचे ठरते. ग्राहकाच्या पुरवठ्यावर १८ किलोअँपिअरचा फॉल्ट येऊ शकत असेल, तर पॅनेल तेथे जोडता येणार नाही. म्हणून ग्राहकाला पहिल्याच पत्रात त्याच्या जागेवरचा फॉल्ट करंट विचारावा, आणि मग उत्पादकांनी चाचणी करून प्रसिद्ध केलेल्या ब्रेकर-कॉन्टॅक्टरच्या जोड्या किंवा क्लास जे, क्लास सीसी यांसारखे करंट मर्यादित करणारे फ्यूज निवडावेत. जोडी निवडल्यावर त्यातील एकही क्रमांक बदलू नये. ‘त्याच रेटिंगचा दुसरा चालेल’ हे येथे लागू होत नाही.

दुसरी नेहमीची चूक एमसीबीची, म्हणजे छोट्या सर्किट ब्रेकरची. आपल्या बाकावरचा एखादा एमसीबी हातात घेऊन त्याची बाजू उजेडात पाहावी. तेथे उलटा आर आणि त्याला चिकटलेला यू दिसला, तर तो यूएल १०७७ नुसार मान्य झालेला, केवळ पूरक संरक्षणाचा घटक असण्याची शक्यता मोठी आहे. फीडरच्या मुख्य संरक्षणासाठी यूएल ४८९ चा ब्रेकर लागतो, आणि पूरक घटकाला क्षमता छापलेली नसेल तर मानक त्याला फक्त ०.२ किलोअँपिअर देते. पूर्वी मी तपासून पाठवलेल्या एका पॅनेलमध्ये कूलंट पंपाला असाच एमसीबी होता. यूएल १०७७ आणि यूएल ४८९ हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात आणि मी बाजूचा शिक्का वाचला नव्हता. तेथील तपासनिसाने टॉर्च लावून तो वाचला आणि यंत्र बारा दिवस उभे राहिले. तेव्हापासून माल आला की मी प्रथम प्रत्येक एमसीबीची बाजू पाहतो.

ब्रेकरवर व्होल्टेज ‘४८०’ छापले आहे की ‘४८०वाय/२७७’ हेही पाहावे. तिरक्या रेघेचा ब्रेकर न्यूट्रल जमिनीशी जोडलेल्या (अर्थिंग केलेल्या) स्टार पुरवठ्यावरच चालतो. काही जुन्या अमेरिकी कारखान्यांत डेल्टा पुरवठा असतो, तेथे तो वापरता येत नाही.

प्रश्न : अंबड, नाशिक येथून विचारतो की आमचे कॅबिनेट आयपी ६५ चे आहे, अमेरिकेसाठी ते पुरेसे आहे का?

उत्तर : केवळ आयपी क्रमांकावर, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण दाखवणाऱ्या अंकावर, नाही. अमेरिकेत टाइप १, ३आर, ४, ४एक्स, १२ अशी वर्गवारी आहे आणि कॅबिनेटवर ती छापलेली असावी लागते. आत ठेवायच्या यंत्रासाठी, जेथे धूळ आणि तेलाचे थेंब असतात तेथे, टाइप १२ बहुधा पुरतो. पाण्याचा झोत मारून धुण्याच्या जागी टाइप ४ घ्यावा. दारात २२ मिलीमीटरचे भोक पाडून पुशबटन बसवले की त्या बटनालाही तोच टाइप असावा लागतो, नाहीतर संपूर्ण कॅबिनेटचा दर्जा बटनाच्या दर्जावर उतरतो. फॅन, फिल्टर आणि ग्लँड यांनाही हाच नियम आहे.

प्रश्न : मी वेर्णा, गोवा येथे पॅनेल वायरमन आहे. अमेरिकेच्या पॅनेलसाठी आमच्या नेहमीच्या वायर वापरता येतील का?

उत्तर : नाही. आयएस ६९४ या भारतीय मानकाची वायर उत्तम असली तरी तेथे यूएलची छाप असलेली, उदाहरणार्थ एमटीडब्ल्यू प्रकारची (यंत्रांसाठीची) वायर लागते. पॉवर सर्किटला सर्वसाधारणपणे १४ एडब्ल्यूजीहून (अमेरिकी वायरजाडीचे माप), म्हणजे सुमारे २.०८ चौरस मिलीमीटरहून, बारीक वायर चालत नाही. म्हणून आपली १.५ बाजूला ठेवावी.

रंगांबाबत मात्र जास्त जपावे. आपल्या हाताला लाल, पिवळा, निळा हे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल अशी सवय असते. तेथे काळा म्हणजे जिवंत पॉवर वायर, लाल म्हणजे एसी कंट्रोल, निळा म्हणजे डीसी कंट्रोल, पांढरा किंवा राखाडी म्हणजे न्यूट्रल, आणि मुख्य स्विच बंद करूनही बाहेरून वीज येत राहणाऱ्या वायरला नारिंगी. सवयीने न्यूट्रल काळा ओढला, तर तेथील माणूस त्याला फेज समजेल. त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडचा माणूस तेथील काळ्या फेजला न्यूट्रल समजून हात लावेल. अशा पॅनेलचे काम सुरू असेपर्यंत भारतीय रंगांची बंडले त्या बाकावर ठेवूच नयेत, आणि प्रत्येक पॉवर टर्मिनलवर छापलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाहून टॉर्क स्क्रूड्रायव्हरनेच स्क्रू आवळावेत.