परत आलेल्या मेलवरचा शेरा

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाचं मासिक पत्रक मी सुमारे ४०० सभासदांना ईमेलने पाठवतो. दर वेळी वीस-पंचवीस मेल परत येतात, सोबत इंग्रजी मजकुराचं भेंडोळं. यातले कोणते पत्ते यादीतून काढायचे?
– एक चिटणीस, सातारा जिल्हा

उत्तर : चिटणीससाहेब, आज एकही काढू नका. नव्वदच्या दशकात मी एका कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळायचो. मेल परत आला की पत्ता उडवायचा, असा सपाटा लावला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मे प्राध्यापक यादीतून गायब! बिचाऱ्यांचे मेलबॉक्स नुसते भरले होते.

तेव्हा प्रत्येक सर्व्हर आपापल्या शब्दांत नकार कळवायचा. माणसाला अर्थ लागे, संगणकाला लागत नसे. म्हणून जानेवारी १९९६ मध्ये परतीच्या सूचनेचा एकच नमुना ठरला; २००३ मध्ये तो सुधारला. त्यात आधी माणसासाठी मजकूर, मग संगणकासाठी ठरलेले रकाने आणि बहुतेकदा शेवटी तुमचं मूळ पत्र किंवा त्याचा मथळा. तुम्ही पहिला भाग वाचून दमता, आणि कामाची गोष्ट असते दुसऱ्यात. तिथे 'स्टेटस'पुढे टिंबांनी तोडलेले तीन आकडे दिसतील. परत आलेल्या पाकिटावर पोस्टमन 'घर बंद', 'गाव सोडून गेले' लिहितो ना, तोच हा शेरा.

पहिला आकडा ४ असेल तर घर बंद; सर्व्हर काही दिवस फेऱ्या मारत राहतो. ५ असेल तर त्याने हात टेकले. पण ५ मध्येही भेद आहेत. ५.१.१ म्हणजे त्या नावाचा मेलबॉक्सच नाही. हे पत्ते काढा, मात्र आधी सभासद-अर्जाशी ताडून. टंकताना एखादं अक्षर गळालेलं असतं. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय. माणूस आहे जागेवर, फोन करा. ५.७.१ आला तर सभासदाचा दोषच नाही. समोरच्या सर्व्हरने तुमचंच पत्र अडवलंय. चारशे जणांना एका दमात पाठवत असाल तर पन्नास-पन्नासचे गट करून बघा.

आणि गंमत सांगतो, या सूचनेच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम कोरी ठेवतात. नाहीतर परतीची परत, तिचीही परत, अशी दोन सर्व्हरांची टोलवाटोलवी थांबलीच नसती.

जीमेल वापरत असाल तर परत आलेला मेल उघडून उजवीकडचे तीन ठिपके दाबा, 'शो ओरिजिनल' निवडा आणि खाली सरकत जा. 'स्टेटस' तिथेच आहे.