जुन्या रेडिओतल्या स्पीकरचे ओपन बॅफल (पेटीऐवजी मागून उघडी फळी) करायचे आहेत. लाकूड कोणतं घ्यावं? दुरुस्तीवाला म्हणतो बंद पेटीच करा.

लाकडाचं नंतर. आधी त्या दुरुस्तीवाल्याचं ऐकू नका. आमच्या घरी एकदा ऐकलं होतं.

इंदूरला रामबागेत बाबांचा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, आठ इंची स्पीकरचा. मालवा हाउसहून आकाशवाणीवर लागणारं गाणं ते त्यावरच ऐकायचे. ते गेल्यावर दादाने स्पीकर काढला, छावणीतल्या सुताराकडून जाड प्लायची बंद पेटी करून घेतली आणि आत ग्लासवूल ठासलं. डग्गा कसाही वाजो, घुमायचा एकाच सुरात. मींड ऐकूच येईना. दादा मात्र खूश, 'बास बघ!'

रेडिओची पाठ आठवा: भोकं पाडलेला पुठ्ठा. तो स्पीकर उघड्यावर वाजायलाच बनलेला होता. त्याचा कोन, म्हणजे हलणारा कागदी पडदा, हलका; पण चुंबक लहान, म्हणून कोनला आवर कमी, म्हणजेच क्यूटीएस (कोन किती मोकाट हलतो त्याचा आकडा) जास्त. त्यामागे कोंडलेल्या हवेची स्प्रिंग लावली की रेझोनन्स, म्हणजे कोन ज्या सुरावर आपसूक जास्त हलतो तो सूर, वर सरकतो आणि आवाज तिथेच फुगतो. फळीवर उलटं होतं. पुढची आणि मागची लहर कडेवरून भेटून खर्जात एकमेकींना मारतात, आणि ती घट हाच फुगवटा थोडीफार भरून काढतो.

मी पेटी फोडली. माळ्यावर जुन्या कपाटाचं सागवानी दार पडून होतं, दोन फूट रुंद. त्याला गोल भोक पाडून स्पीकर बसवला, दार भिंतीपासून तीन फूट पुढे उभं केलं. तानपुरा खोलीत आल्यासारखा वाटला. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो, तो अंगासकट आला.

त्या गणपतीत दादा आला आणि बसला दाराच्या बरोब्बर बाजूला, दिवाणावर. पाच मिनिटांत निकाल: 'फळीतून आवाज येतो होय? बास कुठाय?' अरे, उघड्या फळीचा आवाज पुढे-मागे आठच्या आकड्यासारखा पसरतो, दोन्ही बाजूंना तो जवळजवळ शून्य असतो! दादा नेमका त्या शून्यात बसला होता. मी सांगायला गेलो तर वहिनींनी आरतीला बोलावलं. त्यानंतर तो सगळ्या नातेवाइकांना सांगतो की मी बाबांच्या स्पीकरची वाट लावली.

तर तुमचं: १९ मिलिमीटरचा चांगला प्लाय पुरे, सागवानाचा हट्ट नको. रुंदी महत्त्वाची. दोन फुटी फळीच्या मधोमध स्पीकर असेल तर साधारण २०० हर्ट्झखाली दर सप्तकाला ६ डेसिबल घट होते. तीन फूट जमली तर तीच घ्या. फळी जमिनीला टेकवा, खर्जाला मदत होते. स्पीकर अगदी मधोमध नको, थोडा एका कडेला.

हो, आधी मल्टिमीटर लावा. तीन-चार ओहम आले तर ठीक. शेकड्यात आले तर तो जुना ८०० ओहमचा असेल, आजच्या अ‍ॅम्पवर नीट चालणार नाही. पाच-सहा वॅटच्या वर जाऊ नका. मागे हवा कोंडलेली नसल्याने कोन सैरभैर हलतो आणि जुना कागद फाटतो. दणदणीत सिनेमा ऐकायचा असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

आणि घरातलं कोणी मोठं माणूस ऐकायला आलं, तर त्यांची खुर्ची आधीच फळीच्या समोर मांडून ठेवा.