डिझेल पिकअप : आधी मीटर, मग ताकद

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची होती: पिकअपची ताकद वाढवायची आहे, काय बसवू? चारही उत्तरं एकत्र देत आहोत, कारण एकाच्या उत्तरात दुसऱ्याच्या कामाचं बरंच आहे.

प्रश्न : माझ्याकडे बोलेरो पिकअप आहे, १.७ टनाची. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला जातो. साखरपा सोडून आंबा घाट लागला की तिसऱ्यात गाडी दमते, मागे काळा धूर होतो आणि टेम्परेचरचा काटा वर सरकतो. पूर्वी असं होत नव्हतं. गॅरेजवाले म्हणतात, चिप बसवा आणि सायलेन्सर मोठा करा. करू का? (रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही नको. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘पूर्वी असं होत नव्हतं’ हे आहे. २.५ लिटरचं हे इंजिन साधारण ७५ हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. तेवढ्यात ते घाट चढत होतं. आता चढत नसेल तर कुठेतरी गळती आहे किंवा काहीतरी तुंबलंय. काळ्या धुराचा अर्थ सरळ आहे: डिझेल येतंय, ते जाळायला हवा पुरत नाही. अशा इंजिनात चिप (ताकद वाढवायला बाहेरून लावतात ते सर्किट) आणखी डिझेल ओतते. धूर वाढतो, उष्णता वाढते, चढाला फरक नावाला पडतो.

सुरुवात टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन या रबरी होजपासून करा. ते काढण्याआधी नुसते नीट बघा. टर्बोतून येणाऱ्या हवेत तेलाचा थोडा अंश असतोच. जोड सैल झाला की तो हवेबरोबर बाहेर येतो, क्लिपच्या कडेने काळपट ओलसर पट्टा उमटतो आणि त्यावर रस्त्याची धूळ चिकटून बसते. असा पट्टा दिसला की गळती सापडली. होजची भेग बहुधा खालच्या वळणावर, हात पोचत नाही तिथे असते. इंजिन बंद असताना ती मिटलेली दिसते आणि प्रेशर आलं की तोंड उघडते, म्हणून उभ्या गाडीत नजरेला पडत नाही.

खात्रीसाठी एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाइप काढून तिथे बूच बसवा, बुचाला ट्यूबचा व्हॉल्व्ह लावा आणि १० ते १२ पीएसआय हवा भरा. त्याहून जास्त नको, टर्बोच्या सीलवर ताण येतो. क्लिप घट्ट आवळा आणि बुचाच्या समोर उभे राहू नका, सुटलं तर गोळीसारखं येतं. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. आतला कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा असतो, त्यामुळे हवा हळूहळू उतरणारच. त्याने घाबरू नका. बुडबुडे बाहेर कुठे येतात तेवढंच बघायचं.

मग एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर, आणि त्यानंतर इंटरकूलर व रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारा, म्हणजे माती आली त्या वाटेने निघते. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून तिरका धरला तर पत्र्या वाकतात आणि जाळी कायमची बुजते. सायलेन्सरचा पाइप कुठे चेपला आहे का, ते खाली वाकून पाहा. चेपला असेल तर तेवढाच बदला. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मूळचाच ठेवून मोठा सायलेन्सर लावला तर मुख्यतः आवाज वाढतो.

आणि तिसऱ्यात १४००-१५०० आरपीएमवर पाय दाबून धरू नका. तिथे टर्बोला पुरेशी हवा ढकलता येत नाही, पाण्याचा पंपही हळू फिरतो. चढ लागण्याआधीच दुसरा टाका आणि इंजिन २०००-२५०० वर ठेवा. ‘जास्त आरपीएम म्हणजे जास्त गरम’ ही समजूत भरलेल्या डिझेल गाडीला उलटी लागू पडते. आरसीवर लिहिलंय त्याहून जास्त पेट्या चढत असतील, तर वरचा कुठलाच उपाय पुरणार नाही, हेही सांगणं भाग आहे.

इतकं करून पैसे उरले तर एक बूस्ट मीटर (टर्बोने दिलेला हवेचा दाब दाखवणारं) बसवा, ० ते ३० पीएसआयचं. टी-जोड इंटरकूलरनंतरच्या पाइपला द्या आणि नळी मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा तापलेला भाग) दूर न्या. गाडी ठीक असताना, भरल्या लोडने, घाटातल्या ठरावीक दोन वळणांमध्ये काटा किती येतो ते लिहून ठेवा. पुढच्या हंगामात त्याच जागी ३-४ पीएसआय कमी दिसले की गळती आली, हे धुराच्या कितीतरी आधी कळतं.

प्रश्न : धुराचं तापमान दाखवणारं मीटर घेतलंय. फिटर म्हणतो मॅनिफोल्डला भोक पाडावं लागेल. टर्बोनंतर, सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर बसवला तर चालणार नाही का? (नागपूर)

उत्तर : चालतं, पण ज्या कारणासाठी मीटर घेतलं तेच हातचं जातं. टर्बो धुरातली उष्णता आणि प्रेशर वापरूनच फिरतो. त्यामुळे लोडवर टर्बोनंतरचं तापमान आधीच्यापेक्षा १०० ते २०० अंश सेल्सियस कमी दिसतं आणि हा फरक लोडप्रमाणे बदलत राहतो. अंदाजाने ‘दीडशे मिळवा’ असा हिशोब म्हणूनच बसत नाही. पिस्टनची काळजी असेल तर सेन्सर टर्बोच्या आधीच हवा.

मॅनिफोल्ड काढून लेथवाल्याकडून भोक पाडून घेणं सर्वांत चांगलं. लोखंडाचा एक कण टर्बोच्या पात्यात गेला तर भोकाचे वाचवलेले पैसे नव्या टर्बोत जातात. जागा अशी निवडा, जिथे जास्तीत जास्त सिलिंडरचा धूर एकत्र येतो. सेन्सरला बहुधा १/८ इंच एनपीटी (अमेरिकन पाइप मापाचे) आटे असतात. त्यासाठी साधारण ८.७ मिलिमीटरचं ड्रिल आणि त्याच मापाचा टॅप लागतो. हे आटे निमुळते असतात, टॅप पूर्ण आत घातला तर सेन्सर सैल बसेल; म्हणून थोडं-थोडं कापून लावून बघा. टोक धुराच्या वाटेच्या मध्यावर यायला हवं, भिंतीला टेकता कामा नये. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर पुढच्या वेळी सेन्सर मोडूनच निघेल.

आता तारेबद्दल, कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते. हा सेन्सर के टाइप थर्मोकपल असतो, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाने तापमान मोजणारा. तार अपुरी पडली म्हणून बोनेटखाली साधी तांब्याची तार जोडली की मीटर खोटं बोलू लागतं. जोडाची जागा ८० अंशांवर आणि केबिन ३० वर असेल, तर काटा सुमारे ५० अंश कमी दाखवेल, म्हणजे नेमका धोक्याच्या बाजूला चुकेल. वाढवायचीच असेल तर के टाइपचीच तार घ्या आणि प्लस-मायनस तपासा.

वाचायचं असं: टर्बोच्या आधी सलग ६८० ते ७०० अंशांवर काटा राहू द्यायचा नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन मात्र धुराइतका तापत नाही. प्रत्येक फेरीत आत येणारी ताजी हवा आणि खालून लागणारं तेल त्याला थंड ठेवतं. त्यामुळे ओव्हरटेक करताना क्षणभर काटा वर गेला तर आकाश कोसळत नाही, पण अख्खा घाट तिथेच राहिला तर पिस्टनचा माथा आणि टर्बो दोन्ही जातात. काटा चढू लागला की आधी खालचा गिअर, तरीही चढला तर पाय हलका. वर पोचल्यावर लगेच चावी बंद करू नका, काटा १५०-१७५ पर्यंत उतरू द्या.

प्रश्न : २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस, २.५ लिटर. रीमॅप (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणं) करायचाय. ट्यूनर ईजीआर बंद करून कॅटॅलिटिक काढायलाही सांगतो. शिवाय ओबीडीला (गाडीतला तपासणीचा सॉकेट) ब्लूटूथ स्कॅनर लावला तर वेगळी मीटर कशाला? (पुणे)

उत्तर : ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि कॅटॅलिटिक (धूर स्वच्छ करणारा भाग) जागेवरच ठेवा. ते काढणं बेकायदेशीर आहे, पीयूसीला अडचण येते, आणि तुमचा धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. अपघातानंतर विमा कंपनीलाही हे कलम आठवतं.

रीमॅप आणि बाहेरून लावायचा बॉक्स या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त बॉक्स कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी जास्त दाबाची नळी) प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून पाठवतो; ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे, आणि तो ते वाढवतो. टायमिंग, बूस्ट आहे तसंच राहतं आणि भार नोझल व पंपावर पडतो. चांगल्या रीमॅपमध्ये इंधन, बूस्ट आणि टायमिंग एकमेकांना धरून बदलतात. मूळ १३४ हॉर्सपॉवर आणि ३२० न्यूटन-मीटरवर १५-२० टक्के वाढीत समाधान माना. ट्यूनरकडून मूळ फाइलची प्रत घ्या, आणि धुराची मर्यादा ठरवणारा भाग काढला नाही ना, ते आधीच विचारा.

रीमॅपआधी क्लच तपासा. चढावर चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारतात आणि वेग जागचा हलत नाही, असं झालं तर प्लेट आधीच सरकतेय. रीमॅप तिला महिनाभरात संपवेल. तेल लावलेला ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टरही टाळा, त्याचं तेल हवेच्या सेन्सरवर बसतं.

स्कॅनर कामाचा आहे: पाण्याचं तापमान, रेल प्रेशर, बूस्ट सगळं दिसतं. फक्त बूस्ट तो वातावरणासकट दाखवतो. पुण्यात हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. स्क्रीनवर २१५ दिसले तर खरा बूस्ट १२०, म्हणजे १७ पीएसआयच्या आसपास. टर्बोआधीचं धुराचं तापमान मात्र तिथे मिळणार नाही. रीमॅपनंतर ते एक मीटर वेगळं हवंच. पिलरवर (समोरच्या काचेच्या कडेचा खांब) बसवणार असाल तर आत कर्टन एअरबॅग नाही ना, ते पाहून मगच स्क्रू मारा.

प्रश्न : इथे टेक्ससमध्ये २००१ ची डॉज राम २५०० घेतली आहे, ५.९ लिटर कमिन्स, ऑटोमॅटिक. जड ट्रेलर ओढायचा आहे. ट्यूनरसोबत बूस्ट, धूर-तापमान आणि गिअरबॉक्स-तापमान अशी तीन मीटर घेतोय. योग्य आहे ना? (ह्यूस्टन)

उत्तर : तीनही बरोबर आहेत, पण या गाडीचं पहिलं मीटर चौथंच आहे: डिझेल प्रेशरचं. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या या इंजिनांवर बॉशचा व्हीपी४४ हा डिझेल इंजेक्शन पंप आहे. त्याचं वंगण आणि थंडावा दोन्ही त्यातून वाहणारं डिझेलच देतं. पुरवठा करणारा लहान लिफ्ट पंप कंपनीने इंजिनच्या अंगावर बसवला, टाकीपासून लांब. असे पंप ढकलण्यात चांगले, ओढण्यात कच्चे. तो हळूहळू मरतो, गाडी तरी चालत राहते, आणि महागडा व्हीपी४४ तापून जातो. मग पायाला प्रतिसाद न मिळणं आणि पी ०२१६ हा बिघाडाचा कोड.

आयडलला १४-१५ पीएसआय आणि ट्रेलरसह पूर्ण पाय दाबल्यावर १० च्या खाली नाही, हे धरून चला. खाली जात असेल तर आधी टाकीजवळ चेसिसवर बसणारा चांगला लिफ्ट पंप घ्या, ट्यूनर त्यानंतर. मेकॅनिकल मीटर घेऊन डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका, फुटली तर पायावर डिझेल येईल. इलेक्ट्रिक सेंडर घ्या, आणि तो पंपाला थेट न लावता होजच्या तुकड्यावर, मध्ये स्नबर (दाबाचे ठोके मऊ करणारा छोटा जोड) घालून लावा. व्हीपी४४ चे ठोके उघड्या सेंडरला काही महिन्यांत मारतात.

गिअरबॉक्सचा सेन्सर पॅनमध्ये लावला तर सरासरी कळते. कूलरकडे जाणाऱ्या नळीत लावला तर कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) किती तापतोय ते लगेच दिसतं, पण काटा नाचतो. ट्रेलरसाठी पॅन पुरे. ९५ अंश सेल्सियसपर्यंत ठीक, १०५ ला पाय काढा, १२० ला तेल जळायला लागतं. ते काळं पडून करपल्याचा वास येत असेल, तर ट्रेलर जोडण्याआधी तेल आणि फिल्टर बदला आणि पॅनच्या तळाशी क्लचचा चुरा किती साठलाय ते बघा.