टेनिस कधी खेळले नाही, तरी टेनिस एल्बो!

प्रश्न: मी कोथरूडला राहते, वय ४६. घरूनच पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, रोजच्या दीडशे तरी होतात. चार महिने झाले उजवं कोपर बाहेरच्या बाजूने दुखतंय, पातेलं उचललं की पार मनगटापर्यंत कळ जाते. मध्ये इंजेक्शन घेतलं, महिनाभर मस्त होतं, आता परत जैसे थे. फिजिओ म्हणतात हाताने ट्रीटमेंट देते आणि व्यायाम करा. नुसतं दाबून आणि बाटली उचलून खरंच बरं होतं का, की अजून एक इंजेक्शन घेऊ?

उत्तर: ताई, हा टेनिस एल्बो, टेनिस न खेळताही होतो. दुसऱ्या इंजेक्शनची घाई नको. ऑस्ट्रेलियात १९८ पेशंटवर याचा अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला. सहा आठवड्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेले सगळ्यांच्या पुढे होते, पण नंतर त्यातल्या ६५ पैकी ४७ जणांचं दुखणं उलटलं. फिजिओवाल्यांचं वर्षाअखेरीस त्यांच्यापेक्षा बरं होतं. खरं सांगायचं तर काहीच न करता थांबलेलेसुद्धा वर्षभरात बहुतेक बरे झाले, पण तोवर तुमच्या पोळ्या कोण लाटणार?

मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन, म्हणजे त्याचं दोरीसारखं टोक, कोपराच्या हाडाला चिकटतो तिथे झिजतो, सूज फारशी नसतेच, म्हणून नुसती विश्रांती घेऊन तो मजबूत होत नाही. फिजिओ दंड धरून कोपराखालचा भाग बाहेर सरकवतात आणि तेव्हाच तुम्ही मूठ आवळायची, जमलं तर तिथल्या तिथे कमी दुखतं. दुखलं तर लगेच सांगा, सहन करत बसू नका. पण हा आराम तात्पुरता, खरं काम व्यायामाचं.

हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. अर्धा लिटरची भरलेली बाटली धरा, दुसऱ्या हाताने मनगट वर न्या आणि चार-पाच आकडे मोजत हळूहळू खाली सोडा, दहा-पंधरा वेळा, असे तीन सेट. थोडं दुखलेलं चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको. दोन-तीन महिने धरून चाला, आठवड्यात सोडून देणारेच जास्त भेटतात!

पातेलं तळवा वर करून उचला, कणीक दोन-तीन वेळात मळा, लाटणं गच्च आवळू नका. आणि हो, स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर पिळताना मनगट मागे वळलेलं राहतं, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर बघायलाच नको, तेव्हा मनगट सरळ ठेवा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मानही दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, दुखणं मानेतून येत असेल.