गाभण गाईची धार केव्हा थांबवावी?

बडोद्याजवळ पाळलेल्या आपल्या गीर गाईला सातवा महिना सरत आला असून ती अजूनही रोज चार लिटर दूध देते, तेव्हा धार चालू ठेवावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ठेवू नये. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा (देशी गाईंचा किंचित अधिक) असतो आणि विण्यापूर्वी साधारण ६० दिवस तिला आटवली, तरच कासेतील दूध तयार करणाऱ्या पेशी नव्याने वाढतात. ही विश्रांती चुकवल्यास आजचे चार लिटर पुढच्या वेतातल्या दुधातून व्याजासकट वजा होतात. आटवताना खुराक कमी करावा आणि शेवटच्या धारेनंतर सडांत कोणते औषध भरायचे, ते पशुवैद्यकाला विचारावे. व्याल्यावर पहिल्या दोन तासांत वासराला पोटभर चीक पाजावा. खरवस, जो आम्हां बडोदेकरांनाही सुटत नाही, त्यानंतरच.