चार इमारती, चार अहवाल, चौघांतही ‘परिणाम किरकोळ’: मग एकत्र बेरीज कोण करतं?

तुम्ही विचारलंय की घराजवळच्या एकाच रस्त्यावर चार व्यापारी संकुलं येतायत, चौघांच्या वाहतूक अहवालांत ‘परिणाम किरकोळ’ लिहिलंय, तर त्यावर विश्वास ठेवायचा का आणि सगळ्यांचा मिळून परिणाम कोण तपासतं.

मी वाहतूक नियोजनात काम करतो, असे अहवाल नेहमी वाचतो. त्यातला प्रत्येक आकडा बरोबर असूनही चारही निष्कर्ष चुकीचे असू शकतात. बहुतेकदा प्रत्येक सल्लागार आजची वाहतूक मोजतो, त्यात आपल्या एकाच इमारतीची भर घालतो आणि थांबतो. शेजारच्या मंजूर झालेल्या, पण अजून पायाच खणला जात असलेल्या इमारती कुणाच्याच हिशेबात येत नाहीत.

आकड्यांत बघा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत दुभाजक असलेल्या चौपदरी मुख्य रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून ताशी ३६०० पीसीयू धरली आहे. पीसीयू हे वाहतूक मोजायचं एकक: एक मोटार म्हणजे एक पीसीयू, बस त्याहून जास्त. समजा, तुमच्या रस्त्यावर संध्याकाळी आजच २९०० आहेत आणि प्रत्येक संकुल २५० ची भर घालणार आहे. प्रत्येक अहवालात बेरीज ३१५० येईल, क्षमतेच्या आत. चौघांची मिळून येते ३९००. आणि रस्ता क्षमतेजवळ गेला की खोळंबा वाहनांच्या प्रमाणात वाढत नाही, एकदम उसळतो, कारण एका हिरव्या दिव्यात न सुटलेली वाहनं पुढच्या फेरीतली जागा आधीच अडवून बसतात.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर लोअर परळला जाऊन या. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सार्वजनिक वाटा आक्रसला, आणि एकेक गिरणी वेगवेगळा प्रकल्प म्हणून कार्यालयांत, मॉलमध्ये बदलत गेली. स्थानकं आणि त्यांचे जिने मात्र मुख्यतः गिरणगावाच्याच काळातले राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्या दिवशी पावसामुळे लोक पुलावर खोळंबले होते, हे खरं. पण इतकी माणसं रोज त्या अरुंद जिन्यावर येत होती, कारण त्यांची कामाची ठिकाणं तिथे उभी राहिली होती. एकाच इमारतीच्या परवानगीपुरतं पाहिलं तर असा पूल कुणाचाच विषय नसतो. म्हणून वाहतूक अहवाल हातात आला की मी आधी त्यात माणसं मोजली आहेत का, हे पाहतो. बहुतेक अहवाल गाड्या मोजतात. चालत, लोकलने, बसने येणाऱ्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकलेला असतो, आणि याचा मला खरंच राग येतो.

आता तपासतं कोण? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते, आणि वाहतुकीचा प्रश्न तिथे विचारला जातो. पण त्याच अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलंय. म्हणजे तुम्हाला बोलावून कुणी विचारणार नाही, कागद मिळवूनच बोलावं लागेल. मंजुरीचे अर्ज आणि अटी केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात. जमिनीचा वापर बदलण्यासाठी विकास आराखड्यात फेरबदल होत असेल, तर महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. माझ्या मते खरी संधी तीच, कारण इमारतीचा नकाशा मंजूर झाल्यावर बदलतं ते जास्तीत जास्त गेटचं तोंड.

महापालिकेकडे माहिती अधिकारात एकच गोष्ट नेमकी मागा: तुमच्या चौकापासून एक किलोमीटरच्या आत गेल्या पाच वर्षांत मंजूर झालेल्या सगळ्या व्यापारी इमारतींची यादी, क्षेत्रफळ आणि वाहनतळाच्या जागांसह. वाहनतळाचा आकडा महत्त्वाचा, कारण जितक्या गाड्यांना जागा, तितक्या गाड्या त्या रस्त्यावर येण्याची सोय झालेली असते. मग चारही अहवाल शेजारीशेजारी ठेवा. मोजणी कुठल्या तारखेला केली तेही बघा. मे महिन्यात, शाळा बंद असताना केलेली मोजणी तुमच्या रस्त्याची खरी गर्दी दाखवत नाही. यादीतल्या इमारती अहवालातल्या वाहतुकीच्या हिशेबात धरलेल्या नसतील, तर पान क्रमांकासह तेवढीच हरकत लेखी द्या, नगररचना विभागाला आणि वाहतूक पोलिसांना, आणि पोच घ्या.

यादी मिळाली की इथे टाका, बेरीज मांडायला मी मदत करेन.